आणलेली पाल धरत नाहीत

रस्त्याकडेला पोटावर पालथं पडून फोटो काढणारी बाई दिसली की लोक एकच प्रश्न विचारतात, "मॅडम, काय हरवलं?" करंजाड्याच्या रिकाम्या प्लॉटवर एका वॉचमनने माझ्याबरोबर दहा मिनिटं कानातलं शोधलं होतं. मी सरड्याचा फोटो काढतेय हे मी त्याला दोनदा सांगितलं, पण ते पटण्यासारखं कारण नव्हतं. कानातलं सापडलं नाही याचं त्यालाच वाईट वाटलं. सरडा पहिल्याच मिनिटाला निघून गेला होता.

मी तुर्भ्याच्या एका कारखान्यात टेस्टिंग लॅबमध्ये नोकरी करते. सोमवार ते शनिवार रबराच्या पट्ट्या मशीनला लावून ताणायच्या आणि कुठली कधी तुटली ते लिहायचं, हे माझं काम. रविवारी सकाळी कॅमेरा घेऊन बाहेर पडते. पक्षी नाहीत, वाघ नाहीत. पाली, सरडे, सापसुरळ्या आणि बोटाएवढे साप. वाघाच्या मागे जायचं तर जीप लागते, रजा लागते आणि सोबतीला चार उत्साही माणसं लागतात. सापसुरळी कोपरखैरण्यात रिक्षा स्टँडच्या मागच्या कुंपणातही भेटते, आणि सोबत कोणी नसलं तर तिला बरंच वाटतं. मलाही.

घरी आई आणि मी दोघीच. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. आई म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिक्षिका होती, त्यामुळे टोमणेसुद्धा ती फळ्यावर लिहिल्यासारखे स्पष्ट मारते. "सरड्याची धाव कुंपणापर्यंत आणि तुझी सरड्यापर्यंत," हा तिचा आवडता. दुसरा असा की, बाकीच्यांच्या मुली आयांना देवदर्शनाला नेतात, आमची एकटीच पालदर्शनाला जाते. मी हसून पाण्याची बाटली भरून घ्यायची. मी कोरडी बाई आहे असं आई म्हणते. मला त्यात टीका वाटत नाही, वर्णन वाटतं.

या नादाला अकरा वर्षं झाली. शिकवलं ते एका निवृत्त ड्राफ्ट्समनने. आम्ही पाच-सहा जण त्यांना सर म्हणतो. सरांनी लेन्स, लाइट वगैरे नंतर शिकवलं, आधी चालायला शिकवलं. सरड्याकडे सरळ जायचं नाही, आपण दुसरीकडेच कुठेतरी निघालोय असं दाखवत तिरकं जायचं. त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही. आपली सावली त्याच्यावर पडू द्यायची नाही. तो मान वर करून थबकला की आपणही थबकायचं, आणि तो पुन्हा आपल्या कामाला लागेपर्यंत नाकावर बसलेली माशीसुद्धा हाकलायची नाही. मग कोपर टेकून आडवं व्हायचं, डोळ्यावर फोकस धरायचा, श्वास सोडायचा आणि बटण दाबायचं. दहापैकी नऊ वेळा फोटोत फक्त दगड येतो. आमच्यातल्या प्रत्येकाकडे दगडांचे उत्तम फोटो आहेत.

आणि एक नियम होता, ज्याच्यावर सर चर्चाच करायचे नाहीत. प्राणी जिथे दिसला तिथे, जसा दिसला तसा. हात लावायचा नाही. मध्ये गवताचं पातं आलं तरी ते उपटायचं नाही. आता असेही लोक आहेत की पाल पकडतात, डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवतात आणि ती गारठून सुस्तावली की सुंदर शेवाळलेल्या दगडावर मांडून हवे तितके फोटो काढतात. ते फोटो ओळखू येतात. पालीचे डोळे उघडे असतात, पण ती तिथे नसते. असा फोटो समोर आला की सर चष्मा काढून ठेवायचे आणि एवढंच म्हणायचे, "आणलेली आहे." आमच्यात याहून मोठी शिवी नाही. अकरा वर्षांत मी एकाही पालीला, सरड्याला बोट लावलं नव्हतं, आणि याचा मला बऱ्यापैकी माज होता.

गेल्या वर्षी आईला जिना चढताना दम लागायला लागला. तपासण्या झाल्या. हृदयाची एक झडप निकामी होत आली होती. वाशीच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं आणि म्हणाले, ऑपरेशन लवकर करा, थांबाल तर पुढचा दम शेवटचा असू शकतो. वाक्य त्यांनी आईसमोरच म्हटलं. आईने चित्र नीट पाहिलं, एका ठिकाणी बाण उलटा आहे का असं विचारलं, आणि घरी आल्यावर म्हणाली, "मी नाही करणार." पंच्याहत्तरी आली, आता काय कापाकापी करायची, वगैरे. तिला 'हो' म्हणायला पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत मी रोज जिन्यात तिच्या मागून चढत होते आणि तिचे श्वास मोजत होते. शेवटी गुरुवारची तारीख मिळाली.

आधीच्या शुक्रवारी मी कामावरून आले तेव्हा आई ओल्या केसांनी देवासमोर बसली होती. संध्याकाळी आंघोळ म्हणजे काहीतरी झालंय हे कळलं. स्वयंपाकघरात खाली बसून ती मेथी निवडत होती, तेव्हा वरून पाल पडली. डोक्यावर. तिथून मांडीवर, मांडीवरून ओट्याखाली. देव्हाऱ्याजवळ पंचांग उघडं होतं.

पंचांगात पाल पडण्याचं एक पान असतं. पुरुषाच्या कुठल्या अंगावर पडली तर काय फळ, बाईच्या कुठल्या अंगावर पडली तर काय, असा तक्ता. खांदा, कोपर, पाऊल, सगळं आहे. आईच्या पंचांगात डोक्यासमोर मरण होतं.

"ऑपरेशन रद्द करून टाक," आई म्हणाली.

मी आधी हसले. तीस वर्षं जिने चौथीच्या मुलांना अंधश्रद्धा वाईट असते हे शिकवलं, तिने हे म्हणावं? आई म्हणाली, "धडा वेगळा, डोकं वेगळं. आणि डोकं माझं आहे." मग मी समजावलं. मग चिडले. मग लॅबमधल्या एका बाईंना फोन करून त्यांच्या पंचांगात काय आहे ते विचारलं. तिथे कपाळावर पडली तर राज्यप्राप्ती होती. मी म्हटलं, आई, आपण कपाळ धरू. ती म्हणाली, "कपाळ कुठलं आणि टाळू कुठली एवढं मला कळतं. आणि या वयात राज्य घेऊन काय करू?"

तिने डोळे पुसले नाहीत, आवाज चढवला नाही. तिने ठरवून टाकलं होतं. मला भीती वाटली. ती मेथीची जुडी तशीच पडली होती, ती मी उचलून निवडायला घेतली, तर माझी बोटं पानांऐवजी देठंच भांड्यात टाकत होती.

शनिवारी सकाळी शेजारच्या काकू आल्या. काकू इथल्याच, गावठाणातल्या. आमचा अख्खा सेक्टर उभा आहे तिथे त्यांच्या सासऱ्यांची भातशेती होती. त्या तांदळाच्या भाकऱ्या घेऊन आल्या होत्या, आणि पालीची हकिगत ऐकून त्यांनी आईची जरा उलटतपासणीच केली.

"पाल आपनहून परली का कोनी पारली?"

"मी एकटीच होते. कोण पाडणार?"

"तसा नाय. झारूने परलेली धरत नाय. कुनी बाहेरून आनलेली पन धरत नाय. तिची तीच परली तर ती सांगाला आलेली हाय. माज्या सासूवर झारूने परलेली. नव्वद वर्सं जगली, आमाला जगू दिला नाय."

काकू भाकऱ्या ठेवून गेल्या. मी कामावर गेले, दिवसभर रबराच्या पट्ट्या ताणल्या आणि दोन पट्ट्यांच्या नोंदी उलट्यापालट्या केल्या. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. मला त्या दिवशी पालीचा होता.

संध्याकाळी घरी येऊन मी आईला सांगितलं, की ती पाल बहुतेक माझीच. गेल्या रविवारी डोंगरावर मी एक पाल पकडली होती, डबी बॅगेत होती, बॅग स्वयंपाकघरातल्या खुंटीला होती. झाकण सैल राहिलं असणार. म्हणजे ती आपल्या घरातली नव्हेच. आणलेली.

आई म्हणाली, "तू तर हात लावत नाहीस म्हणतेस."

"एकदा लावला."

"मग दाखव. घरातच असेल ना कुठेतरी."

रविवारी सकाळी मी तुर्भ्यामागच्या डोंगरावर गेले. सरांना, ग्रुपला काही कळवलं नाही. जुन्या खाणीच्या वरच्या अंगाला सपाट दगड पसरलेले आहेत, आणि त्यांच्याखाली पाठीवर ठिपके असलेली एक पाल असते. घरातल्या पालीपेक्षा गडद, खरबरीत. तिसऱ्या दगडाखाली होती. अकरा वर्षं मी या क्षणी पालथी पडत आले, त्या दिवशी झडप घातली. पहिल्यांदा हातात आली ती सुटली, दुसऱ्यांदा आली. पाल थंड असते असं मी लोकांना सांगत आले होते. ती थंड नव्हती. दगड जेवढा कोमट होता तेवढी कोमट होती, आणि माझ्या तळव्याला तिचं सगळं अंग धडधडताना कळत होतं. मी तिला लॅबच्या सॅम्पलच्या डबीत घातलं, झाकणाला भोकं घरूनच पाडून आणली होती. कुठला दगड ते लक्षात राहावं म्हणून त्याच्या कडेला खडूने फुली मारली. हेही ठरवून केलं होतं. खोटं बोलायची सवय नसली की माणूस तयारी फार करतो.

आई दुपारी काकूंकडे गेली तेव्हा मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि पालीला ओट्यावरच्या भिंतीवर सोडलं. ती आधी सिलिंडरमागे गेली, मग खिडकीच्या चौकटीवर चढली आणि तिथून ट्यूबलाइटच्या खाली येऊन थांबली. मी स्टुलावर उभी राहिले. फोकस डोळ्यावर, श्वास सोडला, बटण दाबलं. फोटो अप्रतिम आला. प्रत्येक ठिपका मोजून घ्यावा असा. इतका स्वच्छ फोटो मला डोंगरावर कधी मिळाला नव्हता, आणि तो बघताना माझी मलाच शिसारी आली. मग तिला पुन्हा पकडण्यात पाऊण तास गेला, त्यात चहाची एक बशी फुटली. ऊन उतरायच्या आत मी डबी घेऊन पुन्हा डोंगरावर जाऊन आले.

रात्री जेवणं झाल्यावर फोटो आईसमोर धरला. "सापडली. सोडून पण आले. हे ठिपके बघ. आपल्या घरातल्या पालींना असे नसतात."

आईने चष्मा लावला, कॅमेरा हातात घेतला आणि तो फोटो तिने खूप वेळ पाहिला. मुलांची वही तपासताना बघायची तसा, वरपासून खालपर्यंत. माझे इतके फोटो तिने आजवर येता-जाता बघितले होते, पण असा एकही नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली.

"हीच?"

"हीच."

"बरं," ती म्हणाली आणि कॅमेरा परत दिला. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच रिपोर्टांची फाइल काढून तारखेप्रमाणे लावली. काकूंना सांगून टाकलं, की पाल हिने आणलेली होती, त्यामुळे ती धरायची नाही. काकू म्हणाल्या, "मी सांगलेला ना?" आणि मग माझ्याकडे वळून, घरात पाली आनतेस, तुला काय अक्कल हाय का, म्हणून मला चांगलंच सुनावलं. मी ऐकून घेतलं. बुधवारी आईला अ‍ॅडमिट केलं.

गुरुवारी सकाळी सात वाजता नर्सने तिच्या बांगड्या काढून माझ्याकडे दिल्या, मग कानातलं, मग चष्मा. हिरव्या गाउनमध्ये आई खूपच लहान दिसत होती. तिला न्यायला यायला अजून दहा मिनिटं होती. ती छताकडे बघत म्हणाली, "ती पाल तुझी नव्हती."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"आपल्या ट्यूबलाइटमागे राहते ती होती. तिची शेपटी तुटकी आहे. खिडकी लावताना माझ्याच हातून चिमटून तुटली, दोन वर्षं झाली. नवीन आलीय ती बोटभर पण नाही, आणि गाजराच्या तुकड्यासारखी बोथट. माझ्या मांडीवरून गेली तेव्हा पाहिली ना मी. तुझ्या फोटोतलीला एवढी लांब शेपटी."

मी तिच्या बांगड्या हातात धरून उभी होते. त्या स्वयंपाकघरात मी रोज दोन वेळा जेवते. अकरा वर्षं मी डोंगरावर पोटावर पडून पालींच्या बोटांवरचे खवले बघत आले, आणि आमच्या ट्यूबलाइटमागे एक पाल राहते, तिची शेपटी तुटकी आहे, ती आईच्या हातून तुटली आणि आईला ते लागून राहिलंय, यातलं मला काहीही माहीत नव्हतं.

"मग तू ऑपरेशनला आलीस कशी?" मी विचारलं.

"तू पकडून आणलीस म्हणून." आईने मान वळवली. चष्मा नसल्यामुळे ती माझ्या जरा बाजूला बघत होती. "तुझे बाबा गेले तेव्हा तू न रडता हॉस्पिटलचे फॉर्म भरत होतीस. मी म्हटलं, हिचं बरं आहे, हिला काही होत नाही. मग मला वाटायला लागलं, मी गेले तर फार तर हिचा एखादा रविवार चुकेल. खरंच वाटायचं गं. आणि तू ती पाल हाताने धरून आणलीस. भिंतीवर काय चढवलीस, बशी काय फोडलीस. बशीचा तुकडा मला सिलिंडरमागे मिळाला."

मी म्हटलं, एखादाच रविवार नाही चुकणार. सगळेच चुकतील.

वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आले. आई आपण होऊन सरकून त्यावर झोपली, त्यांना मदत करू दिली नाही. लिफ्टच्या दाराशी तिने मला खुणेने जवळ बोलावलं.

"ती डोंगरावरची नीट सोडलीस ना?"

"सोडली."

"कुठे?"

"होती त्याच दगडाखाली."

"मग मलाही तशीच नेऊन ठेव. होते तिथेच."

लिफ्ट बंद झाली आणि मी तिथेच, माणसांच्या समोर, मोठ्याने रडले. एका अनोळखी बाईंनी मला बाकावर बसवून विचारलं, काय झालं? ऑपरेशनला साडेचार तास लागले, आणि मग दोन रात्री आयसीयूच्या बाहेर.

दहाव्या दिवशी मी आईला घरी आणलं. रिक्षातून उतरताना, जिन्यात, दारात, सगळीकडे तिचा दंड धरून. स्वयंपाकघरात खिडकीपाशी तिची खुर्ची असते, तिथे तिला अलगद बसवलं. ती थोडा वेळ श्वास घेत बसली. मग म्हणाली, खुर्ची बोटभर डावीकडे असते. मी तिला उठवलं, खुर्ची बोटभर डावीकडे सरकवली आणि पुन्हा बसवलं.